डाख लावलेली पुंगळी

"ही इस्त्री तुमचीच कशावरून?"

शंकोबाने ती जुनी पितळी इस्त्री आधी हुंगली, मग कानाशी धरून हलवली, मग झाकण उघडून कोळशाच्या जागेत बोट फिरवलं आणि ते बोटही हुंगलं. समोरची बाई बऱ्याच वेळची रांगेत ताटकळत होती. तिचा पारा चढला.

"आता इस्त्रीवर कुणी नाव घालतं का? माझ्या सासूबाईंची आहे. पुतळ्याला पितळ द्या म्हणालात म्हणून आणली. नको असेल तर नेते परत."

"नको कोण म्हणालं? पण बाकी सगळी जुनी आणि बिजागरीचा खिळा तेवढा नवा, हे कसं काय?"

"मोडला म्हणून बदलला."

"कुणी बदलला?"

"माझ्या नवऱ्याने! त्यालाही उभं करू का रांगेत?"

रांग हसली. शंकोबा हसला नाही. त्याने इस्त्रीची लाकडी मूठ पकडीने उपटली, मुठीच्या भोकात तार घालून पाहिली, तारेचं टोक नाकाशी नेलं आणि मग कुठे ती इस्त्री डाव्या हाताच्या ढिगावर टाकली. डावीकडचा ढीग भट्टीत जायचा. उजवीकडचं सगळं फाउंड्रीच्या मागच्या खड्ड्यात, वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड जायचं.

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. सगळी फाउंड्री त्याला शंकोबा म्हणायची, तोंडावरसुद्धा. त्याचीही काही हरकत नव्हती. संशय घेण्याचाच पगार मिळतो म्हटल्यावर माणूस संशयी असल्याची लाज कशाला बाळगेल?

नदीच्या दोन काठांवर दोन शहरं. एकेकाळी ती एकमेकांवर तोफा डागत होती. लढाई संपून आता एक पिढी झाली, पण दोन्हीकडच्या घरांत तिचं सामान अजून होतं. तोफगोळ्यांच्या पितळी पुंगळ्यांत कुणी फुलं ठेवायचं, कुणी छत्र्या. तर आता दोन्ही काठांच्या नगरपालिकांनी मिळून ठरवलं होतं की हे सगळं पितळ वितळवायचं आणि त्याचा पुतळा करून पुलाच्या मधोमध उभा करायचा. पुतळा म्हणजे नुसते दोन तळवे, माणसापेक्षा उंच, उघडे, रिकामे. लढाईत पूल ओलांडायचा तर तळवे वर करून चालावं लागायचं, हातात काही नाही हे लांबून दिसावं म्हणून. शिल्पकार बाईंचं म्हणणं, तेच तळवे आता भीतीशिवाय दाखवायचे.

"वा!" असं सगळे म्हणाले आणि लगेच भांडायला लागले. तळवे कुणाकडे तोंड करून? आमच्याकडे केले तर आम्ही पहारेकरी, त्यांच्याकडे केले तर आम्ही शरण गेलेलो. बाईंनी डोक्याला हात लावला आणि एक तळवा या काठाकडे, एक त्या काठाकडे केला. मग भांडण सुरू झालं उजवा कुणाला मिळणार यावरून. ते मिटतंय तोच अलीकडचे म्हणाले की पलीकडच्यांनी पितळ कमी दिलंय, पलीकडचे म्हणाले की अलीकडच्यांनी नळाच्या तोट्या खपवल्यात. शंकोबाला यातल्या कशाचंच नवल वाटलं नव्हतं. "रिकामा तळवा दाखवतो ना माणूस," तो मुकादमाला म्हणाला होता, "तेव्हा त्याचा खिसा बघायचा असतो."

लढाईनंतर तो शेतांतले सुरुंग काढायच्या कामावर होता. एकदा एका शेतकऱ्याने बांधावरून हात हलवून सांगितलं, "साफ आहे हो इकडे, मी रोज चालतो." तो शेतकरी खोटं बोलत नव्हता. तो रोज चालायचा त्या वाटेपासून दोन पावलं बाजूला शंकोबाचा जोडीदार सुरुंगावर गेला. त्या दिवसापासून शंकोबाने कुणाच्याही सांगण्यावर म्हणून विश्वास ठेवला नाही. माणूस खरं बोलतो की खोटं याच्याशी त्याला कर्तव्यच उरलं नव्हतं. वस्तू काय म्हणते ते तो ऐकायचा.

आणि तसं बघितलं तर त्याचं चुकत तरी काय होतं? याच पुतळ्यासाठी औषधाच्या दुकानदाराने एक गोळा आणला होता. इतकी वर्षं दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला. पोरंबाळं त्यावर चढून काउंटरवरच्या गोळ्या मागायची. शंकोबाने तो हातात घेतला, बुडाकडे एक नजर टाकली आणि अतिशय हळू आवाजात सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. गोळा जिवंत होता. त्यानंतर महिनाभर दुकानदार समोरून आला की रस्ता बदलायचा.

फाउंड्रीत हे सगळं ठीक होतं. घरी मात्र जरा जड जायचं. दूधवाला, शेजारी, बायकोची बहीण, बायकोच्या बहिणीने पाठवलेला गोडाचा डबा, कुणी त्याच्या तपासणीतून सुटायचं नाही. बायको म्हणायची, "मी लग्नाला हो म्हणाले तेव्हा ह्यांनी विचारलं होतं, का म्हणून?" लोकांना हा विनोद वाटायचा. तो विनोद नव्हता.

आणि अशा माणसाच्या लेकीने पलीकडच्या काठावरचा मुलगा पसंत केला.

मुलगा बसवर ड्रायव्हर होता. पूल उघडल्यावर पहिली बस त्याचीच. लेक त्याच बसने पलीकडच्या दवाखान्यात नोकरीला जायची. त्याचा बाप शिंपी. आई गेल्या वर्षी वारली होती. मागच्या महिन्यात शिंपी एकटाच चहाला आला, नीट इस्त्रीचा सदरा घालून. शंकोबाने त्याला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. लढाईत कुठे होता? कुठल्या रस्त्यावर? त्या रस्त्यावरून तर तोफा चालायच्या, मग तुम्ही काय करत होता? गणवेश शिवत होतो म्हणता, कुणाचे? शिंप्याने पहिल्या काही प्रश्नांना उत्तरं दिली. मग तो उठला. "मी मुलीचं घर बघायला आलो होतो," तो म्हणाला, "तपासणीनाक्यावर नव्हतो आलो." त्याचा चहा तसाच राहिला. लेकीने कप उचलला तेव्हा तो भरलेला होता. रात्री ती बापाशी एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतरही नाही.

आज सकाळी मात्र ती बोलली होती.

"बाबा, ह्याचे वडील आज तुमच्या फाउंड्रीत येणारेत. पुतळ्यासाठी काहीतरी द्यायला. आजच शेवटचा दिवस ना?"

"शेवटची मूस आहे. संध्याकाळपर्यंत ओतणार."

"ते ह्याला म्हणाले, वस्तू देतो आणि तुझ्या सासऱ्याशी एकदा बोलून बघतो. सरळ बोलले तर तारीख काढू. नाही बोलले तर..." तिने डबा पिशवीत कोंबला. "बाबा, मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"मग आजचा दिवस. त्यांच्यावर संशय घेऊ नका."

बायको चुलीपाशी पाठ करून उभी होती. "जमेल का पण?" ती भिंतीला म्हणाली.

शंकोबाने शब्द दिला नव्हता. होईल असं सांगून न करणं त्याला माहीत नव्हतं. त्याची एकच मिजास होती. तो कुणाचा शब्द मानत नसे, पण त्याच्या शब्दावर कधी कुणाला संशय घ्यायची वेळ आली नव्हती. तो साफ म्हणाला की साफ. मुकादम त्याच्या भरवशावर उघड्या चेहऱ्याने भट्टीशी उभा राहायचा.

इस्त्रीवाली बाई गेली. रांग सरकत सरकत संपत आली आणि शेवटी शिंपी समोर उभा राहिला.

त्याच्या हातात धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते लहान मूल ठेवावं तसं टेबलावर ठेवलं आणि पंचा सोडला. तोफगोळ्याची पितळी पुंगळी. कोपरापासून मनगटापर्यंत लांब. रोज घासल्यामुळे लखलखीत. असल्या पुंगळ्या शंकोबाने शेकड्याने पाहिल्या होत्या. पण हिचं तोंड बंद होतं. वर पत्र्याची गोल चकती बसवून सगळीकडून कथलाचा डाख लावलेला. काम सुबक होतं, एकही टिपूस ओघळला नव्हता.

"नमस्कार," शिंपी म्हणाला.

"नमस्कार. बसा ना."

"नको. हे तेवढं घ्या."

शंकोबाने पुंगळी उचलली. नाकाशी नेण्याआधी त्याला लेक आठवली, आणि त्याने ती नुसतीच हातात धरली. हलकी होती. बुडातली टोपी ठोकलेली होती, म्हणजे गोळा कधीच उडून गेलेला. ते एक बरं. त्याने ती अगदी सहज, गप्पा मारता मारता केल्यासारखी हलवली. आत काहीच वाजलं नाही. न वाजणाऱ्या वस्तूचा त्याला फार राग यायचा. एकतर आत काही नाही, नाहीतर कोंबून भरलंय. कापसासारखी हलकी स्फोटकंही त्याने पाहिली होती.

"हे बंद का आहे?" त्याने जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं.

"आमच्या हिने बंद केलंय. म्हणजे डाखवाल्याकडून करून घेतलं."

"आत काय आहे?"

शिंप्याने त्याच्याकडे पाहिलं. सुरू झालं का, अशी ती नजर होती. पण त्याने उत्तर दिलं.

"मला माहीत नाही."

झालं! शंकोबाच्या डोक्यात सगळ्या घंटा एकदम वाजल्या. आपल्याच घरातली वस्तू आणि आत काय ते माहीत नाही? दोन्ही काठांवर पुतळा नको असलेली माणसं काही थोडी नव्हती. भट्टी उडवून द्यायची झाली तर याहून सोपी युक्ती कुठली? आणि होणाऱ्या व्याह्याने आणलेली वस्तू कोण तपासणार? लेकीचा बापच डोळे मिटणार, हे न कळण्याइतका कुणी बावळट नसतो. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली, पण आलं ते आलं.

"माझा थोरला," शिंपी टेबलाकडे बघत बोलायला लागला, "बसवाल्याचा भाऊ. तो दप्तर घेऊन शाळेतून घरी आला होता आणि आम्ही दोघं गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला गेलो होतो. परत आलो तर घर बसलेलं. जळत होतं. त्याचं काही सापडलं नाही. मला तर काहीच सापडलं नाही. ही मात्र दोन दिवस तिथेच राखेत हात घालून बसली होती. मग एक दिवस ही पुंगळी घेऊन आली, अशी बंद केलेली. म्हणाली, ह्यात आपला आहे. मी विचारलं, काय सापडलं तुला? म्हणाली, विचारू नका आणि उघडू नका. मग मी नाही विचारलं."

"कधीच नाही?"

"नाही." त्याने चकतीवरून अंगठा फिरवला. "रोज कामाला बसायच्या आधी हात लावायचो. तिला घासायची सवय. गेली तेव्हा मला वाटलं, तिच्याबरोबर द्यावी. पण मग हा पुतळा निघाला. म्हटलं, पुलावर राहील. दोन्हीकडचे बघतील त्याला. तेव्हा ही अशीच्या अशी घाला, एवढंच सांगायला आलोय. उघडू नका."

मागून मुकादमाने हाक मारली, "शंकोबा, मूस तापलीय! उरलं असेल ते द्या लवकर!"

शंकोबाने पुंगळी टेबलावर ठेवली. बंद वस्तू भट्टीत जाऊच शकत नव्हती. आत बारूद सोडा, नुसती हवा कोंडलेली असली तरी तापल्यावर फुटते आणि रसरसलेलं पितळ माणसांच्या अंगावर उडतं. मुशीभोवती सहा माणसं उभी असतात. हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते नेहमीच्या आवाजात पडलं.

"उघडावी लागेल."

शिंप्याने पुंगळीवर हात ठेवला. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"प्रश्न तुमचा नाहीये. बंद वस्तू..."

"तुमच्या मुलीसाठीसुद्धा नाही?"

मुकादम तोवर जवळ येऊन उभा राहिला होता. त्याला सगळं प्रकरण माहीत होतं, फाउंड्रीत कुणाला नव्हतं? त्याने शंकोबाला खांबाआड ओढलं आणि कानाशी लागला.

"अहो, डोकं फिरलंय का? घ्या ठेवून. सांगा गेली मुशीत म्हणून. उद्या मी नदीत टाकून येतो. त्याला काय कळतंय? पोरीचं लग्न आहे!"

"मी खोटं नाही बोलत."

"मग परत द्या."

"परत दिली तर त्याचा मुलगा पुतळ्यात नाही."

"मग करा काय करायचं ते," मुकादम म्हणाला. "पण पटकन. पितळ थांबत नाही."

शंकोबा परत टेबलाशी आला. आयुष्यात त्याने लोकांना भरपूर कारणं दिली होती, पण विनवणी केली नव्हती. ती कशी करतात हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

"हे बघा," तो म्हणाला, "मुशीशी सहा जण उभे असतात. सगळ्यांना पोरंबाळं आहेत. आत हवा जरी असली तरी फुटेल. मी एवढंसं भोक पाडतो. चकती नाही काढत. आतलं काही बाहेर नाही काढणार. जे आहे ते आतच राहील. तुम्ही नाही म्हणालात तर मी हिला हात लावणार नाही, तुम्ही घरी घेऊन जा. आणि पोरीला मी सांगीन की माझ्यामुळे मोडलं. तुमच्यावर येऊ देणार नाही."

शिंप्याने पुंगळीवरचा हात काढला.

"तुम्हीच उघडा," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला देऊ नका."

मागच्या खड्ड्यात शंकोबा एकटाच गेला. तोच नियम होता. शिंप्याला वाळूच्या पोत्यांच्या अलीकडे बाकावर बसवलं होतं. शंकोबाने पुंगळी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, वर पाण्याच्या डब्याची तोटी थेंब थेंब सोडली, म्हणजे ठिणगी उडू नये, आणि हाताच्या गिरमिटाने चकतीच्या कडेला हळूहळू भोक पाडायला लागला. पातळ पत्रा होता. जरा वेळात गिरमिट आत गेलं. त्याने श्वास धरला. काही झालं नाही. त्याने भोकाशी नाक नेलं. बारुदाचा वास नाही, राखेचाही नाही. कोंडलेल्या पितळाचा वास होता, बास.

भोकातून त्याने बॅटरीचा उजेड पाडला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

पुंगळी आतून स्वच्छ होती. बाहेरून होती तशीच लखलखीत घासलेली. पार तळापर्यंत. आणि रिकामी.

त्याला वाटलं, नीट दिसत नसेल. त्याने भोक मोठं केलं. दिलेला शब्द मोडून मोठं केलं. तारेला फडक्याची चिंधी बांधून आतून फिरवली, बाहेर काढून उजेडात धरली. पुन्हा फिरवली. एखादं बटण, कोळशाचा कण, केस, दोऱ्याचा तुकडा, काहीही. सगळा जन्म त्याने वस्तूंच्या पोटात काही सापडू नये म्हणून हात घातला होता. आता तो गुडघ्यांवर बसून, चिंधी उलटीसुलटी करत, काहीतरी सापडावं म्हणून शोधत होता. चिंधी दर वेळी कोरी निघाली.

मग त्याच्या लक्षात आलं. राखेत दोन दिवस हात घालून त्या बाईला काहीच सापडलं नव्हतं. एवढंसंही नाही. तेव्हा तिने कुठून तरी एक पुंगळी उचलली, आतून बाहेरून घासली आणि रिकामीच बंद करून नवऱ्यापुढे ठेवली. ह्यात आपला आहे म्हणाली. नवऱ्याने विचारलं नाही म्हणून तिने ते मरेपर्यंत निभावलं. रोज घासत राहिली, तो बघत असताना. तिला माहीत होतं आत काय आहे, आणि तरी रोज.

शंकोबाला त्या बाईचा राग आला. अशी कशी फसवलीस तू त्याला, एवढी वर्षं? आणि लगेच असंही वाटलं की ती इथे असती तर आपण तिला हात जोडले असते.

"झालं का?" पोत्यांपलीकडून शिंप्याचा आवाज आला.

"झालं."

तो बाहेर आला. शिंपी बाकावरून उठला. शंकोबाच्या हातातल्या पुंगळीकडे त्याने पाहिलं, भोकाकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग न राहवून त्याने विचारलंच.

"काय होतं?"

खोटं बोलणारी माणसं शंकोबाला पाठ होती. ती घाईने उत्तर देतात. नको तितकं बोलतात. बोलताना मुद्दाम डोळ्यांत बघतात. शंकोबाने हे तिन्ही एकदमच केलं.

"कापड होतं. चिंधी म्हणा, एवढीशी. सदऱ्याची असेल. मी पाण्याखाली भोक पाडलं ना, म्हणजे पाडावंच लागतं, तर पाणी आत गेलं आणि ती गेली विरघळून."

"कापड विरघळत नाही," शिंपी म्हणाला.

अरे देवा! जगात एवढे धंदे असताना आपण शिंप्यापुढे कापडाची थाप मारली! शंकोबाचे कान गरम झाले.

"जळकं होतं. करपलेलं. म्हणजे राखच जवळजवळ. पाणी लागल्यावर काय राहणार?"

"रंग?"

"रंग राहिला नव्हता."

"कड होती का? दुमडून शिवलेली?"

"होती."

शिंपी एक पाऊल पुढे आला. "शिवण हाताची होती की मशीनची?"

हाच तो प्रश्न. समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं की शंकोबा स्वतः शेवटी असाच एक बारीकसा, साधा प्रश्न टाकायचा आणि माणूस तिथे बरोबर सापडायचा. आता तो स्वतः तिथे उभा होता. चुकलं तर लेकीचं लग्न गेलं, आणि ते गेलं तरी चालेल पण या माणसाचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. त्याने खाली पुंगळीकडे पाहिलं. इतक्या निगुतीने आतून घासणारी बाई.

"हाताची," तो म्हणाला. "बारीक. अगदी एकसारखी."

आत भट्टीचा आवाज चालू होता. मुकादम कुणावर तरी ओरडत होता. शिंप्याचा हात पुंगळीकडे आला. आता तो भोकाला डोळा लावणार. बॅटरी शंकोबाच्या खिशात होती आणि तिचा उजेड चांगला होता. शंकोबाने जागचं हलायचं नाही असं ठरवलं.

शिंप्याने ओला पत्रा पंच्याने पुसला. चकती पुसली, भोकाच्या कडा पुसल्या. आत पाहिलं नाही.

"ती हातानेच शिवायची त्याचे सदरे," तो म्हणाला. "मी शिंपी असून. म्हणायची, तुमचं मशीन टोचेल त्याला."

त्याने पुंगळी शंकोबाच्या हातात दिली.

मुकादमाने दोघांना भट्टीशी येऊ दिलं. पुंगळी आधी भट्टीच्या कडेला ठेवून आतून कोरडी केली. शंकोबा जवळ गेला तसा मुकादमाने नेहमीचा प्रश्न केला, "साफ?" आणि शंकोबा म्हणाला, "साफ." लांब चिमट्यात धरून पुंगळी मुशीवर नेली. क्षणभर ती तिथेच उभी राहिली आणि मग एका बाजूने खचत आत गेली. पांढरा धूर निघाला, पितळातून निघतो तसा. शिंपी टक लावून त्या धुराकडे पाहत राहिला. त्याच्या शेजारी शंकोबा उभा होता आणि त्याला सारखं वाटत होतं की आपल्या तोंडावर सगळं लिहिलेलं आहे. शिल्पकार बाई पलीकडे साच्याशी उभ्या होत्या. मूस उचलली, सहा जण एका पावलाने चालले आणि पितळ साच्यात ओतलं गेलं. कुठल्या तळव्यात, कुठल्या काठाकडच्या, हे कुणी विचारलं नाही.

दोघं अंगणात आले. उन्हं कलली होती. घरी जाऊन लेकीला काय सांगायचं ते शंकोबाला सुचेना. मी आज संशय घेतला नाही, हे काही खरं नव्हतं. आणि मी आज खरं बोललो, हेही नव्हतं.

शिंप्याने पंचा झटकून नीट चौकोनी घडी केला. मग खिशातून टेप काढून उलगडली.

"हात जरा बाजूला घ्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"लग्नात काय हा शर्ट घालून उभे राहणार? कोटाचं माप घेतो."

शंकोबाने हात बाजूला घेतले. शिंपी जवळ आला. एवढ्या जवळ कुणी परका माणूस कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याने टेप पाठीमागून फिरवून छातीवर आणली आणि दोन बोटं मध्ये धरून आवळली. त्या बोटांखाली शंकोबाचं काळीज इतकं धडधडत होतं की ते त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं. शिंप्याला ते कळलं नसणं शक्यच नव्हतं. तो आकड्याकडे बघत राहिला, खूप वेळ, मान खाली घालून.

"श्वास धरून ठेवलाय तुम्ही व्याहीबुवा," तो शेवटी म्हणाला. "सोडा. कोट तंग होईल."

शंकोबाने श्वास सोडला.